कर्माची गाठ आणि देहाची गाठ

शब्दावर कोटी करण्याची आम्हा कीर्तनकारांना खोडच असते. एका शब्दाचे दोन अर्थ काढून दाखविले, श्रोत्यांनी माना डोलावल्या, टाळकऱ्यांनी गजर केला, की निरूपण रंगले असे आम्हांस वाटते. अशाच एका कोटीची हकीकत सांगून आजच्या पाठास आरंभ करतो. हकीकत आमच्याच चुकीची आहे, म्हणून ती आम्हीच सांगितलेली बरी.

सोलापुरात भवानी पेठेत, घोंगडे वस्तीच्या अंगाला, चैत्रात नामसप्ताह होता. गोष्ट दहा-बारा वर्षांपूर्वीची. चौथ्या दिवशीची कीर्तनसेवा आमची होती व विषय प्रारब्धाचा निघाला. बोलण्याच्या ओघात आम्ही म्हणून गेलो, "गाठी दोन प्रकारच्या. दोरीची गाठ हाताने सुटते, पण कर्माची गाठ भोगल्यावाचून सुटत नाही. माणसाच्या अंगावर गाठ उठते ती काय उगीच उठते? मागल्या जन्मीचे देणे असते ते!" लोकांना ते आवडले. आम्ही पुढल्या दृष्टांताकडे वळलो व दुसऱ्या दिवशी विसरूनही गेलो.

बायांच्या बाजूला खांबाशी एक माउली बसली होती. पेठेत तिला सगळे अक्का म्हणतात. आंघोळ करताना डाव्या स्तनात हरभऱ्याएवढी गाठ तिच्या हाताला लागून पंधरा दिवस झाले होते. दुखत नव्हती, ठसठसत नव्हती. कुणाला सांगावे की नाही अशा विचारात ती होती. कीर्तन ऐकून घरी गेली आणि तिने कुणालाच सांगितले नाही. चैत्र गेला, आषाढी गेली, चातुर्मास गेला. कार्तिकीनंतर गाठीवरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत झाली, मग तेथे जखम झाली, आणि सुनेला धुण्यात झंपरावर रक्ताचा डाग दिसला तेव्हा घराला कळले. सुनेने तिला ओढीतच डॉक्टरांकडे नेले.

पुढे आम्ही भेटीस गेलो. इतके दिवस का लपविले म्हणून जरा रागानेच विचारले. ती खाली बघून म्हणाली, "तुमीच म्हनला हुता की वो महाराज, सप्त्यात. कर्माची गाठ भोगल्याबिगर सुटत न्हाई म्हून. मंग डाक्टरला काय दाखवायचं? अन् लोकं काय म्हनतील, हिनं काय पाप केलंय म्हून?"

आमच्या तोंडून शब्द फुटला नाही.

अक्का विड्या वळणारी. घरात तेलुगू, भजनात मराठी. नवरा यंत्रमागावर. गळ्यात तुळशीची माळ सासूने घातलेली, तेव्हापासून एक एकादशी चुकली नाही. (विडी वळणाऱ्या बाईच्या गळ्यात माळ कशी, म्हणून नाक मुरडणारे महाभाग आमच्या पाहण्यात आहेत. त्यांनी आधी तिच्या घरची चूल बघावी व मग बोलावे.) अशा बाईने कसले पाप केले असेल याचा शोध आम्ही घ्यायला लागलो, तर आमचीच जीभ झडायची.

तेव्हा पहिला प्रश्न हाच, की रोग हा पापाचा पुरावा आहे काय?

प्रारब्ध आपण वारकरी मानतो. ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु आपल्याच जिल्ह्यातील मंगळवेढ्याचे स्मरण करावे. तेथे गावकुसाचे काम चालले असता भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबाराय इतर मजुरांसह गेले. त्यांनी कोणते पाप केले होते? नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी शोधून आणल्या, त्या पंढरीला महाद्वारापाशी ठेविल्या, आणि आजही आपण राउळात शिरण्याआधी त्या समाधीपुढे माथा टेकतो. भिंत अंगावर पडली यावरून त्यांच्या कर्माचा हिशेब संतांनी मांडला नाही. तुकोबारायांची पहिली पत्नी दुष्काळात अन्नावाचून गेली, मुलगा गेला. तेथेही कुणी तसा हिशेब मांडू धजणार नाही. मग भवानी पेठेतल्या बाईच्या अंगावरील गाठीवरून तिचा मागला जन्म वाचणारे आम्ही कोण?

आम्हांस आता असे वाटते की प्रारब्ध हा शब्द ज्याने त्याने स्वतःपुरता उच्चारावा. आपल्यावर संकट आले आणि "असेल माझे प्रारब्ध" म्हणून मन शांत झाले, तर तो शब्द औषधासारखा लागू पडला. तोच शब्द दुसऱ्याच्या दुखण्यावर उच्चारला की तो निकाल होतो. आणि प्रारब्धच म्हणायचे तर गाठ तेवढी प्रारब्धाची, आणि सुनेला डाग दिसणे, नणंदेचे घर बार्शीला असणे, बार्शीला कॅन्सरचे रुग्णालय असणे, ही मात्र प्रारब्धाची नव्हेत काय?

रोगाची कारणे वैद्यकशास्त्र काय सांगते, तेही थोडक्यात सांगतो. वय वाढते तसा हा रोग होण्याचा संभव वाढतो. थोड्या घराण्यांत तो रक्ताच्या नात्याने उतरतो. पुष्कळ बायांच्या बाबतीत एकच एक कारण बोट ठेवून सांगता येत नाही. तो स्पर्शाने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही, कुणाची दृष्ट लागून होत नाही. भारतात बायांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनाचा रोग आज पहिला आहे. २०२२ साली देशात सुमारे १ लाख ९२ हजार बायांना तो नव्याने झाल्याचा व सुमारे ९८ हजार बाया त्याने गेल्याचा अंदाज आहे. एवढ्या साऱ्या जणी पापी म्हणायच्या की काय?

दुसरी अडचण लाजेची. अंगाच्या या भागाचे नाव बायका नवऱ्यापुढेही घेत नाहीत, मग डॉक्टरपुढे कुठले? आणि तिसरी, सर्वांत फसवी, अडचण ही की सुरुवातीला दुखत नाही. "दुखत न्हाई, मंग कशाला दाखवायचं?" हे वाक्य आम्ही पेठेत किती जणींच्या तोंडून ऐकले त्याची गणती नाही. माउल्यांनो, न दुखणारी गाठच आधी दाखवावी. काखेत गाठ, स्तनाच्या कातडीला खळी पडणे, बोंड आत ओढले जाणे, त्यातून रक्तासारखा स्राव येणे, हीही दाखविण्याजोगी लक्षणे आहेत. दाखविलेल्या गाठींतील बहुतेक साध्याच निघतात. पण ते डॉक्टरांनी सांगायचे, शेजारणीने नव्हे, आणि कीर्तनकाराने तर नव्हेच.

तपासणीला मोठे यंत्रच लागते असेही नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतील सुमारे दीड लाख बायांवर एक मोठा प्रयोग केला. निम्म्या वस्त्यांत, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करीत. वीसहून अधिक वर्षांनी, २०२१ मध्ये, निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्या वस्त्यांत रोग लवकरच्या पायरीवर सापडला, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील बायांत मृत्यूंच्या आकड्यात तसा फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. तरी शिकलेल्या बाईचा नुसता हात एवढे काम करून गेला! सरकारी आरोग्य केंद्रात तीस वर्षांवरील बायांची ही तपासणी करतात.

आणि आपल्या जिल्ह्याची गोष्ट तर याहून बोलकी आहे. बार्शीला १९८७ साली खेड्यापाड्यांतील कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. ग्रामीण भागातली देशातील ती पहिलीच. बार्शी, परांडा, भूम या बाजूच्या खेड्यांत नोंदी घ्यायला कार्यकर्ते हिंडत, आणि हिंडता हिंडता लोकांना रोगाची लक्षणे समजावून सांगत, संशय आलेल्यांना रुग्णालयात यायला सांगत. काही वर्षांनी पाहतात तो गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग पूर्वीपेक्षा लवकरच्या पायरीवर सापडू लागला होता. रोग निराळा, पण मुद्दा तोच. गावोगाव जाऊन, चार माणसे जमवून, त्यांच्या भाषेत बोलणे, हेच तर आपण शतकानुशतके करीत आलो. त्यांच्या बोलण्याने बाया दवाखान्यात आल्या, आणि आमच्या एका बोलण्याने एक बाई सात-आठ महिने घरात बसली.

असो. अक्काचे उपचार बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक रुग्णालयात सुरू झाले. रोग पुढे गेला होता, म्हणून आधी केमोचे काही डोस, मग शस्त्रक्रिया, मग किरणांचा उपचार, असा क्रम डॉक्टरांनी ठरविला. पैशाची सोय सरकारी योजनेतून झाली. २०१२ च्या जुलैत राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्या आठ जिल्ह्यांत आली त्यांत सोलापूर होते. पुढे २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव दिले. पिवळे-केशरी रेशनकार्ड कपाटात जपून ठेवणाऱ्या बायांना एवढी माहिती असू द्यावी.

परंतु खरी पंचाईत पुढेच आली. दुसऱ्या डोसाच्या वेळी एकादशी पडली. अक्काने पाण्याचा थेंब घेतला नाही, केमो घेऊन निर्जळी घरी आली, आणि रात्री तिला चक्कर येऊन पडली. सून रडत आमच्याकडे आली, "तुमीच सांगा आता, तुमचंच ऐकतीया ती."

आम्ही गेलो आणि तिला बार्शीच्याच देवाची कथा सांगितली. बार्शीचे भगवंत अंबरीष राजासाठी तेथे उभे ठाकले अशी तिकडची श्रद्धा आहे. पंढरीची एकादशी आटोपून द्वादशीला त्या दर्शनास जाण्याचा वारकऱ्यांचा प्रघात जुना आहे. अंबरीषाची कथा भागवताच्या नवव्या स्कंधात येते. राजाने वर्षभर एकादशीव्रत केले. द्वादशीला पारणे सोडायचे, तोच दुर्वास ऋषी पाहुणे म्हणून आले आणि स्नानाला नदीवर जाऊन बसले. द्वादशी सरत चालली. अतिथीआधी जेवावे तर अतिथीचा अपमान, न जेवावे तर व्रताचा भंग. राजाने जाणत्यांना विचारले. त्यांनी सांगितले, राजा, नुसते पाणी घे, ते खाल्ल्यातही जमा आहे आणि न खाल्ल्यातही. राजाने पाणी घेतले. दुर्वास संतापले, कृत्या सोडली, आणि देवाचे सुदर्शन धावले ते पाणी पिणाऱ्या राजाच्या रक्षणाला. पुढे सुदर्शनाच्या धाकाने तिन्ही लोक हिंडून दुर्वासांना राजाच्याच पायाशी यावे लागले.

या कथेत व्रताचा प्रश्न पडला तेव्हा राजाने जाणत्यांना विचारले, हे आम्ही अक्काला दाखविले. केमोतले जाणते डॉक्टर. त्यांनी पाणी प्या म्हटले तर प्यावे, जेवा म्हटले तर जेवावे. गीतेच्या सतराव्या अध्यायात शास्त्राने न सांगितलेली घोर तपे करून देह कष्टविणाऱ्यांविषयी भगवंत फार कठोर बोलले आहेत. असे लोक देहात राहणाऱ्या मलाच पीडा देतात, असा त्याचा भाव आहे. ज्ञानेश्वरीत माउलींनी तेथे काय विवरण केले ते प्रत्येक माळकऱ्याने एकदा बसून वाचावे. अक्का बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हंजी मी उपाशी ऱ्हायले तर त्योबी उपाशी?" आम्ही हो म्हटले. त्या दिवसापासून ती एकादशीला डॉक्टर सांगतील तसे खाऊ लागली, उपास म्हणून मुखाने नाम तेवढे जास्त घेई.

दुसरी अडचण अंड्याची. अशक्तपणा येऊ नये म्हणून पुष्कळ डॉक्टर अंडी खायला सांगतात आणि माळकरी बाई बावरून जाते. त्यांना मोकळेपणी सांगावे की आम्ही माळकरी आहोत. ते दुसरा आहार सांगतात. वरण, दूध, दही, पनीर, मोड आलेली कडधान्ये, शेंगदाणे, हे सारे आपल्याला चालते. मात्र सोलापूरकरांची शेंगाचटणी त्या दिवसांत बाजूला ठेवावी. केमोने तोंड सोलते तेव्हा तिखट सोसत नाही. दाण्याचे साधे कूट दुधात कालवून द्यावे.

तिसरी अडचण माळेची. शस्त्रक्रियेला गळ्यात काही ठेवू देत नाहीत. अक्का म्हणाली, मरेन पण माळ काढणार नाही. तेव्हा मंडळातल्या वडील माउलीने आपल्या हाताने ती माळ उतरविली, आपल्या डाव्या मनगटाला गुंडाळली आणि ऑपरेशनच्या दारापाशी चार तास उभ्याने हरिपाठ म्हटला. शुद्धीवर आल्यावर माळ पुन्हा गळ्यात पडली. माळ घातल्यापासून जे आचरण सांभाळले ते का असे सुटते?

आता भक्तीने तिला काय दिले ते सांगतो, आणि काय दिले नाही तेही. नामाने गाठ विरघळली नाही. तसे कुणी सांगत असेल तर तो नामाचा महिमा वाढवीत नसून माणसाचा जीव धोक्यात घालतो आहे. आमच्यातल्याच काहींनी तिला औषध सोडून नुसत्या तीर्थावर राहायला सांगितले होते. त्यांचा हेतू वाईट नसेल, परंतु त्यांनी दिलेला सल्ला घातक होता.

दिले ते असे. जनाबाईला देव दळू लागला ही कथा आपण नित्य गातो. अक्का बार्शीला जाई त्या दिवसांत तिच्या वाटणीच्या विड्या मंडळातल्या बायांनी वळल्या. कारखान्याचे माप तुटू दिले नाही, म्हणून घरात पैसा येत राहिला. दर खेपेला एक बाई सोबत. सोलापूरहून वैरागमार्गे बार्शी सुमारे सत्तर किलोमीटर, एस.टी.चा प्रवास, येताना ओकाऱ्या. सोबतीची बाई पाण्याची बाटली, लिंबू आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन बसे आणि हळू आवाजात अभंग म्हणे. अक्का सांगे, "सलाईन चढतंया तवर मी मनात पंढरीला जाऊन येती. सोलापूर, तिऱ्हे, कामती... एकेक मुक्काम घेती. मंगळवेढं आलं की बाटली संपतीया." शेगावच्या गजानन महाराजांची पालखी सोलापुराहून याच वाटेने जाते. अक्का तरुणपणी तिच्याबरोबर चालली होती. रात्री झोप न येता भीती छातीवर बसते त्या वेळीही तिने हीच वाट धरली. कुणी याला मनाची युक्ती म्हणेल. आम्ही स्मरण म्हणतो. नावाने काही बिघडत नाही.

केस गेले तेव्हा मात्र ती खचली. गाठीने रडली नव्हती ती केसांनी रडली. जुन्या काळचे केशवपन आमच्या बायांच्या मनातून अजून गेलेले नाही. बोडके डोके म्हणजे अशुभ, हा घोर. नवरा जिवंत असून ती चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला जाईना, पदर कपाळापर्यंत ओढून आत बसे. शेवटी एके संध्याकाळी भजनाच्या साऱ्या बाया तिच्याच घरी जमल्या. ज्या वडील माउलीने माळ सांभाळली होती तिने सर्वांदेखत अक्काचा पदर मागे सारला, कपाळाला बुक्का लावला, मग कुंकू लावले, आणि वीणा तिच्या गळ्यात दिली. कोणी काही बोलले नाही. भजन सुरू झाले. केस पुढे आलेच. उपचार संपल्यावर ते येतात, हे आधी कुणी सांगितले असते तर चार आसवे वाचली असती.

त्या आषाढीला तिला दिंडीत नेले नाही. केमोने रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात, त्या दिवसांत गर्दी, उघड्यावरचे पाणी बाधते, आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो. पालखी सोलापुरात आली तेव्हा तोंडाला फडके बांधून तिने गर्दीपासून लांब, रस्त्याच्या कडेने दर्शन घेतले. शस्त्रक्रियेनंतर डावा हात खांद्यावर जाईना. डॉक्टरांनी भिंतीवर बोटे चालवीत हात वर नेण्याचा व्यायाम सांगितला होता. भिंतीवर तिने कोळशाने खुणा केल्या, सर्वांत वरच्या खुणेला "पंढरपूर" म्हणे. तीन महिन्यांनी भजनात गजराच्या वेळी तिचे दोन्ही हात वर गेले, तेव्हा आमचे कीर्तन क्षणभर थांबले.

तीन वर्षे बरी गेली. चौथ्या वर्षी पाठ दुखू लागली आणि रोग हाडांत उतरल्याचे कळले. लवकर आली असती तर काय झाले असते, हा प्रश्न आम्हांला कुणी विचारला नाही. आम्हीच आम्हांला विचारतो. शेवटच्या दोन महिन्यांत डॉक्टरांनी दुखणे कमी करण्याच्या गोळ्या दिल्या, आणि त्या घेऊ द्याव्यात की नको असा वाद घरात निघाला तेव्हा अक्काच म्हणाली, "दुखलं की नाव सुचत न्हाई. द्या गोळी." मार्गशीर्षात ती गेली, घरात, हरिपाठ चालू असता.

जाण्याच्या आठवडाभर आधी तिने आम्हांस बोलावून घेतले होते. हात धरून म्हणाली, "महाराज, ती गाठीची गोष्ट आता कुनाला सांगू नगा." आम्ही तेव्हापासून सांगितलेली नाही. परंतु तीच कोटी आम्ही दुसऱ्या कीर्तनकारांच्या तोंडून याच पेठेत पुन्हा ऐकली आहे, तिला लोकांनी तशाच माना डोलावल्या आहेत, म्हणून हा पाठ लिहिला. आमच्या बंधुवर्गाने आपापली टिपणवही काढून रोगाचे दृष्टांत तेवढे एकदा तपासून पाहावेत, एवढी विनंती आहे.

भवानी पेठेतल्या बायांनी त्यानंतर एक प्रघात पाडला. दर शुद्ध एकादशीला संध्याकाळी हरिपाठ झाला की पुरुषमंडळी बाहेर जातात आणि आरोग्य केंद्रातील नर्सताई आत बसतात. आजवर पाच जणींच्या गाठी सापडल्या. चौघींच्या साध्या निघाल्या. पाचवीची लहान असतानाच सापडली. येत्या बुधवारी तिचा चौथा डोस आहे. सकाळच्या बार्शी गाडीने कुणी सोबत जायचे आणि तिच्या विड्या कुणी वळायच्या, ते परवाच्या भजनात ठरले.